मिळकतीतली भागीदार

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरमध्ये एका समारंभाच्या मंडपाला आग लागली. मृतांमध्ये बायका आणि मुलेच जास्त होती. भरपाई ठरवताना गृहिणींचा प्रश्न आला. पगारच नाही, तर घराचे नुकसान किती धरायचे? भरपाई ठरवणारे माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी गृहिणींच्या कामाची किंमत वर्षाला १२,००० रुपये धरली होती. सर्वोच्च न्यायालयाला ती फारच तोकडी वाटली. २००१च्या निकालात न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी ती ३६,००० रुपये केली.

पुढे मोटार अपघातांच्या खटल्यांत हा विचार आणखी रुजला. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवले जाते, यावर न्यायालयाने २०१० मध्ये ताशेरे ओढले. गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमांची दखल घेणे होय, असे न्या. एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये नमूद केले. हे सारे स्वागतार्हच आहे. पण भरपाईच्या या निकालांत बाई आधीच गेलेली असते. तिच्या कामाचे पैसे वारसांच्या हाती पडतात.

ती जिवंत असताना काय होते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. सिलिंडर कधी संपेल, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचा आहे, हे सगळे बाईच्या डोक्यात असते. तिच्या जिवावरच नवरा रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबू शकतो. त्याला बढती मिळते, पगारावर गृहकर्ज मिळते, फ्लॅट त्याच्या नावावर होतो. मूल झाले म्हणून नोकरी सोडणाऱ्या आईचे घरात कौतुक होते. तिची सेवाज्येष्ठता आणि भविष्यनिर्वाह निधी मात्र तिथेच थांबतो. संसार मोडला तर तिला पोटगी मागता येते. त्या फ्लॅटसाठी स्वतः पैसे भरल्याचा पुरावा नसेल, तर मालकीत वाटा मिळणे कठीण.

घरकामाला पगार द्यावा, अशी सूचना अधूनमधून होते. पण नवऱ्याने पगार दिला तर तो मालक होऊन बसेल. लाडकी बहीण योजनेतले दरमहा १,५०० रुपये अनेक घरांना मोठा आधार आहेत, पण ते उत्पन्नाची अट घालून दिलेले साहाय्य आहे, कामाचा मोबदला नव्हे. संसार दोघांनी उभा केला असेल, तर मोबदला मिळकतीतल्या वाट्यानेच द्यायला हवा.

हे कागदी स्वप्न नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची समाईक होते आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. स्थावर विकायची तर बायकोची संमती लागते. काही घरांत ही सही निव्वळ उपचार म्हणून होत असेलही, पण नको असलेला व्यवहार अडवण्याचे बळ कायद्याने तिला दिले आहे. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, परदेशात नोकरी करणाऱ्या पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणी पत्नीचा समान वाटा मान्य केला. तिने घर सांभाळले म्हणूनच तो कमावू शकला, हे न्यायालयाचे कारण होते.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. त्यानंतर काही वर्षांतच शेतकरी नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यांनी आपण होऊन जमीन बायकोच्या नावे केली आणि गावोगावी सातबारावर बायकांची नावे लागली. ती चळवळ थोर होती, पण सगळे नवऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते. ज्याने मनावर घेतले नाही, त्याच्या बायकोला काहीच मिळाले नाही.

म्हणून कायदा हवा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला. केंद्राने तो २००५ मध्ये केला. विवाह आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत. लग्नानंतर कमावलेल्या मिळकतीत, नाव कोणाचेही असो, पत्नीचा निम्मा वाटा गृहीत धरणारे विधेयक विधिमंडळात मांडायला महाराष्ट्राने केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही.