सहाणेवरचे वळसे

आमच्या आजीची सहाण झिजून मधोमध खोलगट झाली होती. घरात तान्हं मूल असलं की न्हाणं आटोपल्यावर ती गुटीचा डबा काढायची. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम. एकेक जिन्नस दुधाच्या चार थेंबांत उगाळायचा आणि उगाळताना तोंडाने वळसे मोजायचे. मुरुडशेंगेचे जास्त, वेखंडाचा एकच. बाळ महिन्याचं असताना एक, तिसऱ्या महिन्यात दोन. जायफळाचा वळसा वाढला तर मूल गुंगून पडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मधेच कुणी बोललं तर ती नुसता हात वर करायची. मोजणी चुकली तर सहाण धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नका, असं आज बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबरच आहे. सहाणेच्या आणि पाण्याच्या स्वच्छतेची हमी कोण देणार? गुटी परत आणा, असं मला म्हणायचं नाही. मला राहून राहून आठवतो तो वळसा. झाडपाल्यात गुण आहे म्हणूनच तो मोजून द्यायचा, एवढी समज त्या मोजण्यात होती. आज वनौषधींचा बाजार घराघरांत पोचला आहे, पण वळसे मोजणारं कुणी उरलेलं नाही.

2020 साली हे डोळ्यांसमोर घडलं. आमच्या आवारातल्या कडुनिंबावर गुळवेल चढली होती. अंगठ्याएवढं जाड खोड, बदामी पानं, वरून सुतळीसारखी लोंबणारी मुळं. करोना आला आणि महिनाभरात लोकांनी ती बुंध्यापर्यंत ओरबाडली. कुणी तुकडे उकळून प्यायले, कुणी दुकानातून गोळ्या आणल्या, कुणी सत्त्व. या तिन्हींत आत काय आणि किती असतं ते एकसारखं नसतं. सत्त्व म्हणजे खोड कुटून पाण्यात भिजवल्यावर तळाशी बसलेला पांढरा साका. त्यात बराचसा भाग पिष्टाचा. गोळीत बहुधा आटवलेला अर्क. पण सगळ्यांचं नाव ‘गुळवेल’, आणि नाव एक म्हणून माप विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

गुळवेलीकडे मुंबईतल्या डॉक्टरांनी दोनदा निरखून पाहिलं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी वाचक डहाणूकरांना लेखिका म्हणून ओळखतात. पेशाने त्या औषधशास्त्रज्ञ. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि शस्त्रक्रियेच्या सुमारास जंतुसंसर्गाने ते दगावतात. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेलीचा अर्क वजनाच्या हिशोबात दिला गेला. संसर्ग कमी झाला, जगणारे वाढले. रुग्ण थोडे होते, पण काम नेमकं होतं. कोणता रुग्ण, किती मात्रा, किती दिवस, हे सगळं लिहिलेलं होतं.

दुसऱ्यांदा 2021 साली. करोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटावी, तशी लक्षणं तपासणीत दिसली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख पटवली होती का? गुळवेलीसारखी दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल त्यात मिसळली नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. पण तो बाजाराला आधी विचारायला हवा होता. जुन्या निघंटूंनी गुळवेलीला ‘चक्रलक्षणिका’ म्हटलं आहे, कारण खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्या दिसतात. ओळख पटवायची खूण नावातच गुंफलेली. पुडीतल्या भुकटीत कुठलं चाक दिसणार?

मला या दोन अभ्यासांत भांडण दिसत नाही. प्रतिकारशक्ती खरोखर चेतवणारी वनस्पती असेल, तर खचलेल्या रुग्णाला ती आधार देईल आणि ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे त्याला ती अपाय करू शकेल. ‘झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य म्हणूनच मला टोचतं. त्यात त्या वनस्पतीची ताकद नाकारली जाते.

मोजलं की काय होतं, त्याचा धडा सर्पगंधेने दिला आहे. वेड आणि निद्रानाशावर हे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. जगाचं लक्ष वेधलं गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि मिलिग्रॅमच्या अंशांत मोजून दिलं जाऊ लागलं. मग काही रुग्णांमध्ये खोल नैराश्य दिसू लागलं. नोंद होत होती म्हणून तेही दिसलं, मात्रा कमी झाली, पुढे अधिक बरी औषधं आली. सर्पगंधेची यात बेअब्रू झाली, असं मला वाटत नाही. तिला औषधाचा मान मिळाला, आणि औषधाला लागू होणारी तपासणीही.

अडुळशाच्या पानातल्या वॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन घडलं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव आहे. दारातल्या सदाफुलीने व्हिनक्रिस्टिन दिलं, जे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना आजही शिरेतून देतात. पण एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. सकाळी चार पानं चावून कर्करोगही पळतो आणि मधुमेहही, असं सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या जिवाशी खेळतो.

चूक ओळखीचीही महागात पडते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया गेली आणि शंभरावर जणांच्या, बहुतेक बायकांच्या, मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली. आपल्या कायद्यात मात्र जुन्या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे औषध बनवलं, तर परवान्यासाठी नव्या चाचण्या लागत नाहीत. ग्रंथकारांनी ते औषध वैद्याच्या हाती, नाडी आणि ऋतू पाहून द्यायचं म्हणून लिहिलं. ते आता कुणालाही, वर्षभर, घरपोच मिळतं. ग्रंथाचा पाठ घ्यायचा आणि ग्रंथाचं पथ्य सोडायचं, हे मला मान्य नाही.

दोष एकट्या वनौषधीवाल्यांचा नाही. ॲलोपॅथीच्या दवाखान्यात ‘काढा-चूर्ण काही चालू आहे का’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि डॉक्टर ओरडतील म्हणून रुग्णही लपवतो. ज्येष्ठमधाची कांडी गवई गळ्यासाठी चघळतात; तीच रोज काढ्यात पडत राहिली तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. डॉक्टर गोळ्या वाढवत राहतात आणि कारण स्वयंपाकघरातल्या बरणीत असतं.

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असो, रक्तदाबाची, थायरॉइडची वा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पिशवीत फाइलीबरोबर काढ्याची पुडी, चूर्णाची बाटली, गोळ्यांचं पाकीटही ठेवा. टेबलावर काढून दाखवा. किती घेता, कधीपासून घेता, ते सांगा. आणि डॉक्टरांनी, कृपा करून, न रागावता ते लिहून घ्यावं.