बाकीच्या तिघांचं काय

गोठवलेले गर्भ सांभाळण्याचे पैसे दर वर्षी भरायचे असतात. मुदत संपत आली की क्लिनिककडून फॉर्म येतो. आमचा आला तो नेमका सोनोग्राफीत ठोके दिसले त्याच आठवड्यात. सातवा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी प्रोब स्थिर धरला आणि पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यात काहीतरी भराभर लुकलुकताना दाखवलं. लांबी 8 मिलिमीटर, ठोके मिनिटाला 126. फॉर्मवर मात्र दुसराच आकडा होता: शिल्लक गर्भ 3. त्याखाली तीन चौकोन. मुदत वाढवावी, नष्ट होऊ द्यावेत, संशोधनासाठी द्यावेत.

त्या रात्री आम्ही नवरा-बायको जे बोललो ते इथे मांडते आहे. आयव्हीएफच्या वाटेनं जाणाऱ्या अनेकांपुढे हा कागद कधी ना कधी येतो, आणि तो काउंटरवर उभ्या उभ्या भरण्याचा कागद नाही.

"यात विचार कसला करायचा?" तो म्हणाला. "पैसे भरू, सह्या करू, मोकळे होऊ."

"कशासाठी ठेवायचे, ते आधी सांग."

"असू देत गं. पुढेमागे लागले तर..."

"पुढेमागे म्हणजे हे टिकलं नाही तर?"

तो गप्प झाला. पहिल्या तीन महिन्यांत हे वाक्य घरात कुणी उच्चारत नाही. पण मनात ते असतंच, प्रोजेस्टेरॉनची गोळी घेताना असतं आणि बाथरूमला जाताना तर असतंच असतं.

"मला काय वाटतं सांगू?" मी म्हणाले. "सकाळी ज्याचे ठोके बघितले, त्याच्या देखत संध्याकाळी मी दुसऱ्याची तजवीज करते आहे. तुझा भरवसा नाही, असं त्याला सांगितल्यासारखं आहे हे."

"मी त्या हिशेबानं म्हणतच नव्हतो," तो म्हणाला. "तजवीज वगैरे माझ्या डोक्यात नाही. माझी अडचण वेगळीच आहे. मला तो दुसरा चौकोन वाचवत नाही."

"नष्ट होऊ द्यावेत?"

"हो. चौघंही एकाच दिवशी, एकाच डिशमध्ये वाढले. पाचव्या दिवशी एम्ब्रियॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपखाली बघून ग्रेड दिल्या. आपल्याला आधी हा मिळाला, कारण याची ग्रेड चांगली होती. तिनं दुसऱ्या गर्भाची स्ट्रॉ उचलली असती तर आज पडद्यावर दुसरंच कुणीतरी लुकलुकलं असतं, आणि हा टाकीत उणे 196 अंशांवर पडून असता. मग हा आपलं बाळ आणि ते तिघं शिल्लक माल, हे कुठल्या न्यायानं?"

इतके दिवस इंजेक्शनच्या वेळा सांभाळणारा, फाइल सांभाळणारा हा माणूस आतल्या आत असं काही बाळगून आहे, हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे या उपचारात नवऱ्याला कुणी विचारत नाही. त्याच्याकडून एक नमुना आणि बिलाचे पैसे, एवढंच अपेक्षित असतं.

"पण ते अजून कुणी नाहीतच," मी म्हणाले. "शंभर-दोनशे पेशींचा गोळा आहे तो. बाहेरच्या थराची पुढे वार होणार, आतल्या पुंजक्याचं बाळ. इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीनं 1984 मध्ये प्रयोगशाळेतल्या गर्भाला चौदा दिवसांची मर्यादा घालायला सांगितलं. त्याच सुमाराला गर्भात पहिली रेघ उमटते, जिच्यावरून पुढे शरीराची दिशा ठरते. तोवर एकाचे दोन होऊ शकतात, जुळी होऊ शकतात. जो अजून 'एक' आहे की 'दोन' हेच ठरलेलं नाही, त्याला माणूस कसं म्हणायचं? आणि एरवीही कितीतरी गर्भ रुजण्याआधीच वाहून जातात. त्या बाईला पत्तासुद्धा लागत नाही."

"महापुरात माणसं वाहून जातात, म्हणून कुणाला नदीत ढकलायची परवानगी मिळत नाही."

हे उत्तर बिनतोड होतं. निसर्गात जे घडतं ते आपण करावं की नाही, हे निसर्गाला विचारून ठरत नाही.

मी दुसऱ्या बाजूनं गेले. "मग आपली रीत बघ. तिसऱ्या महिन्यात चोरओटी, तीही घरातल्या घरात, गाजावाजा न करता. सातव्यात डोहाळजेवण. जन्मानंतर बाराव्या दिवशी बारसं, तेव्हा कुठे नाव. आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं की माणूस घरात एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो. जसजसा येतो तसतसं आपलं देणं वाढतं. आठ मिलिमीटरच्या जिवाचं आणि टाकीतल्या पेशींचं देणं सारखं कसं असेल?"

"ते टप्पे स्वागताचे आहेत," तो म्हणाला. "कुणाची किंमत किती, ते त्यावरून ठरत नाही. बारशाआधी गेलेल्या मुलासाठी आई कमी रडते का?"

"नाही रडत कमी. पण ती रडते, कारण तिची त्याच्याशी ओळख झालेली असते. मी तेच म्हणते आहे. याची आणि माझी ओळख झाली आहे. गर्भ रुजला का ते बघायची बीटाची टेस्ट आपण रक्तातून केली ना? ते हार्मोन माझं नाहीच. ते गर्भाच्या बाहेरच्या पेशी तयार करतात. म्हणजे माझ्या रक्तात त्यानं पाठवलेला निरोप लॅबनं वाचला. मी आलोय, मला राहू दे. दोन दिवसांनी आकडा दुपटीच्या आसपास गेला, तेव्हा त्यानं तोच निरोप आणखी जोरात दिला. बाकीच्यांनी मला अजून काहीच कळवलेलं नाही."

"कारण त्यांना तशी संधीच दिलेली नाही."

मी बराच वेळ काही बोलले नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. आणि तरीही त्यात काहीतरी माझ्या अंगावर येत होतं. काय, ते शब्दांत सापडायला वेळ लागला.

"संधी द्यायची म्हणजे काय, ते बोल ना पुरतं," मी म्हणाले. "टाकीतून काढून प्रत्येकाला आत घ्यायचं. अस्तर जाड व्हायला गोळ्या, पोटात सुया, ती दोन आठवड्यांची वाट बघणं, आणि रुजलं तर नऊ महिने. हे सगळं माझ्या शरीरात. चौघं सारखे, हे तुझं तत्त्व आहे, आणि ते पाळायचं ते मी. ज्या न्यायाची सगळी किंमत एकानंच भरायची, त्याला मी न्याय म्हणणार नाही."

तो पटकन म्हणाला, "मी तुला चौघांना जन्म दे असं म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतोस? ठेवून तरी किती दिवस ठेवणार? अमेरिकेत 1992 साली गोठवलेल्या गर्भांतून 2022 मध्ये जुळी जन्मली. आपल्याकडे 2021 च्या कायद्यानं दहा वर्षांची मर्यादा घातली आहे. त्यानंतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याची संमती असेल तर संशोधनाला द्यायचे. तू आज टाळलेला चौकोन तेव्हा तुझ्यासमोर येणारच. आपण फक्त पैसे भरून तारीख पुढे ढकलू."

"ढकलू. त्यात वाईट काय?" तो म्हणाला. "जे आपण समजून घेऊ शकलेलो नाही त्याच्याशी घाईनं वागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यांना जन्माला घालायला आपण बांधलेले नाही, हे तू म्हणतेस ते पटलं. पण बांधलेले नाही म्हणजे काहीच लागत नाही, असंही नाही."

मला वाटतं, आमच्या बोलण्यातलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं. गर्भाला माणूस म्हणा नाहीतर पेशींचा गोळा म्हणा, या दोनच बाजू असल्यासारखं लोक बोलतात. आमचा अनुभव दोन्हींत बसत नव्हता. गर्भ आत सोडण्याच्या आधी पडद्यावर तो गोळा दाखवतात तेव्हा टेबलावरच्या बाईला रडू येतं. पेशी बघून कुणाला रडू येत नाही. पण म्हणून ती त्याच्यासाठी पाळणाही आणत नाही.

फॉर्मच्या मागच्या पानावर आणखी प्रश्न होते. पतीचा मृत्यू झाल्यास काय करावं, पत्नीचा झाल्यास काय करावं. मला वाटलं होतं ही वकिली सावधगिरी असेल. मग त्यानं मेलबर्नची हकिगत सांगितली. लॉस एंजेलिसच्या एका जोडप्यानं तिथे दोन गर्भ गोठवून ठेवले होते. 1983 मध्ये दोघंही विमान अपघातात गेली आणि ते दोन गर्भ मागे राहिले. ते कुणाचे, त्यांच्यावर हक्क कुणाचा, त्यांचा इस्टेटीवर हक्क आहे का, यावर जगभर वाद झाला. कुठल्या कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं.

"म्हणजे बघ," मी म्हणाले, "गप्प राहणं हाही एक निर्णयच असतो, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो. दहा वर्षांनी कायदा काय ते करेल, असं म्हणून मला सुटायचं नाही."

"सुटायचं मलाही नाही. पण मग तुझा पहिला प्रश्न तसाच राहतो. ठेवले तर या बाळावर अविश्वास."

त्या प्रश्नाचं उत्तर मला अनपेक्षित जागी मिळालं.

उपचार सुरू झाल्यापासून तो या विषयावर मिळेल ते वाचत होता. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली 25 जुलै 1978 ला. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. डॉक्टरांवर कुणी विश्वास ठेवला नाही, सरकारी समितीनं त्यांचं काम खोटं ठरवलं, सरकारनं डोळ्यांच्या विभागात बदली केली. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. आमच्या आयांना आठवते ती हर्षा, 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये जन्मलेली, डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं. त्या यशात सहभागी असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमारांनीच पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि 1997 मध्ये भारतातल्या पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असं जाहीर सांगितलं. स्वतःच्या नावावर असलेला मान त्यांनी असा दुसऱ्याला दिला. विज्ञानात एवढा मोठेपणा मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

"आणि दुर्गा कशी जन्मली माहीत आहे?" तो म्हणाला. "गोठवलेल्या गर्भातून. अंडी जास्त यावीत म्हणून औषधं दिली की त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भाला साजेसं राहत नाही, असं मुखोपाध्यायांचं मत होतं. म्हणून त्यांनी गर्भ गोठवला आणि नंतरच्या, शरीराच्या आपल्या गतीनं आलेल्या चक्रात आत सोडला."

"म्हणजे तिला गोठवलं ते राखीव म्हणून नव्हे."

"नाही. तिच्यासाठी बरा महिना यावा म्हणून."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपलं हे आठ मिलिमीटरचं बाळसुद्धा अशाच टाकीत होतं. अंडी काढल्यानंतर माझं पोट फुगलं, डॉक्टर म्हणाले या महिन्यात नको, सगळे फ्रीझ करू. महिनोन्महिने ते इतरांच्या शेजारी स्ट्रॉवर होतं. तेव्हा आम्ही त्याच्यावर अविश्वास दाखवला होता का? उलट ते येणार याची आम्हाला इतकी आशा होती की आम्ही थांबायला तयार होतो.

"मग ठेवूया," मी म्हणाले. "पण तजवीज म्हणून नाही. आणि तू म्हणतोस तसे सगळे सारखे म्हणूनही नाही. मी अजून एकदाही आई झालेले नाही. बाळ काय असतं, ते मला पडद्यावरच्या लुकलुकीपुरतं माहीत आहे. एकाला अंगावर पाजल्यावर, रात्री जागल्यावर, बाकीच्या तिघांकडे मी कशी बघेन ते आज मला सांगता येणार नाही. तो निर्णय त्या बाईनं घ्यावा."

"आणि तिनं दुसरं मूल नको म्हटलं तर?"

"तर मी संशोधनाला देईन. पाचव्या दिवशी काही गर्भ का थांबतात, काही का रुजत नाहीत, हे कुणीतरी शोधल्याशिवाय आपल्यासारख्यांची वाट सोपी होणार नाही. नुसतं बाहेर काढून ठेवण्यापेक्षा मला ते बरं वाटतं."

"मला नाही वाटत," तो म्हणाला. "कुणी त्यांना कापून बघावं, यापेक्षा शांतपणे जाऊ द्यावं असं मला वाटतं."

इथे आमचं जमलं नाही, आणि त्या रात्री ते जमवण्याचा अट्टहास आम्ही केला नाही. मुदत वाढवण्याच्या चौकोनात खूण केली. मृत्यूच्या प्रश्नांपुढे दोघांनीही जोडीदाराच्या स्वाधीन असं लिहिलं. उरलेल्या मतभेदासाठी पुढच्या वर्षीचा फॉर्म आहे, त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे.

"एक राहिलंच," तो सही करता करता म्हणाला. "आईंना कधी सांगायचं? तीन महिने झाल्यावर?"

माझ्या आईला तो आईच म्हणतो.

"तोवर काय होणार आहे?" मी म्हणाले. "काही वाईट झालं तर न सांगितल्यानं ते कमी दुखणार आहे का? उलट एकटीनं सोसावं लागेल. भरवसा आहे म्हणायचं आणि बातमी लपवायची, हे मला जमणार नाही. उद्या सकाळीच तुझ्या-माझ्या आईला, दोघींना फोन करू. चोरओटीला ज्वारी-बाजरी काय लागतं, खण कुठला आणायचा, यावरून त्यांचं आपापसात काय ते ठरू दे."