थैलीतील दोन वजने



राज्यकर्त्याचे खासगी चारित्र्य आणि त्याचा कारभार यांचा काही संबंध असतो का? प्रश्न जुनाच आहे. परंतु अमेरिकेतील इव्हँजेलिकल बांधवांनी त्याचे जे उत्तर दिले व पुढे बदलले, ते आपण कॅथलिकांनीही नीट पाहावे असे आहे. इव्हँजेलिकल हे एखाद्या चर्चचे नाव नव्हे. बायबलचा अधिकार, मनपरिवर्तन आणि सुवार्ताप्रसार यांवर भर देणारा तो प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांतील मोठा प्रवाह आहे.

१९९८ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे प्रकरण गाजत असताना सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने एक ठराव केला. (क्लिंटन स्वतः बॅप्टिस्टच!) नेत्यांची गंभीर दुष्कृत्ये खपवून घेतल्यास समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते, असा त्याचा आशय होता. पुढे २०११ साली एका पाहणीत श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांपैकी फक्त ३० टक्के लोक म्हणाले की, खासगी जीवनात अनैतिक वागणारा नेताही सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकतो. २०१६ साली, डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, हेच प्रमाण ७२ टक्के झाले. दरम्यान बायबल काही बदलले नव्हते.

त्यांची बाजू हलकी समजू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा आपण हात पाहतो, घर पाहत नाही, असे ते म्हणतात. परराष्ट्रीय राजा कोरेश याच्या हातून देवाने यहुद्यांना बंदिवासातून सोडवले, हा दाखलाही देतात. शिवाय ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या मतांमुळे २०२२ साली तेथील गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला. गर्भातील जिवाचा प्रश्न आपल्यालाही जिव्हाळ्याचा आहे.

तरीही आम्हांला वाटते, येथे एक गोष्ट निसटते. कोरेशाने सोडवले म्हणून यहुद्यांनी त्याच्या दैवतांचे समर्थन केले नाही. मदत घेणे वेगळे आणि मदत करणाऱ्याचे पाप हे पापच नव्हे असे म्हणणे वेगळे. ॲरिस्टॉटलच्या मते वारंवार केलेल्या कृतीतून माणसाचा स्वभाव घडतो. मग नेत्याच्या खोटेपणाला रोज सबब शोधणाऱ्याचा स्वभाव कसा घडत असेल? नेता चार-आठ वर्षांनी जातो, ही सवय मात्र घरात राहते. थैलीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत, अशी मोशेची आज्ञा आहे. ती बाजारासाठी होती. मतपेटीलाही लागू पडावी.

या वजनांनी तेथील मंडळी दुभंगली. बिली ग्रॅहॅम यांनी स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ मासिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे लिहिले, तेव्हा बिली यांचे पुत्र फ्रँकलिन यांनीच त्याचा जाहीर निषेध केला. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांची श्रद्धा बरीचशी तशीच, पण त्यांची बहुतांश मते दुसऱ्या पक्षाला. कॅथलिकांनी हसू नये. २०१६ आणि २०२० साली तेथील कॅथलिक मतेही जवळजवळ निम्मी निम्मी विभागली होती.

अशा वेळी आम्हांला नाथान संदेष्टा आठवतो. तो काही राजकारणापासून दूर राहणारा नव्हता. शलमोनाला गादी मिळावी म्हणून त्याने बथशेबेबरोबर बेत आखला, राजाच्या महालात जाऊन तो तडीसही नेला. तो दावीदाचाच माणूस. पण उरियाचा घात झाला तेव्हा दावीदासमोर उभे राहून ‘तो मनुष्य तूच’ असे सुनावणाराही हाच नाथान होता.