वाटेचा हक्क

वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मग वाटेतच वाहन उभे करून निघून जाणे, याला काय म्हणावे?

शुक्रवारी खुतबा चुकू नये म्हणून अरुंद गल्लीत घाईघाईने गाडी आडवी लावली जाते. त्याच वेळी १०८ ची रुग्णवाहिका आली, तर आतील रुग्णाने सलाम फेरला जाईपर्यंत थांबावे काय?

बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी चालू नमाजही तोडावी, असे फिकहचे जाणकार सांगतात. जी शरीअत प्राणासाठी नमाज तोडायला सांगते, ती नमाजसाठी प्राणाची वाट अडवू देईल काय? नमाजला धावत नव्हे, शांतपणे या, जितकी मिळेल तितकी जमातीसह अदा करा, उरलेली नंतर पूर्ण करा, अशीच प्रेषितांची (स.) आज्ञा आहे.

रुग्णवाहिकेला वा अग्निशमन बंबाला वाट न देणाऱ्या चालकास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मनाईच्या जागी लावलेले वाहन पोलीस उचलून नेऊ शकतात. परंतु दंड भरल्याने हुकूकुल इबाद फिटत नाहीत. ज्याचा हक्क बुडाला, त्याचीच क्षमा मागावी लागते. आणि तो जगलाच नाही तर?

म्हणून विश्वस्तांनी गल्लीच्या तोंडाशी स्वयंसेवक उभे करावेत आणि आपण गाडी दूर लावून चालत यावे. मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाला पुण्य आहे. अल्लाह आपल्याला वाटेचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.