एकाच कपाटातल्या तीन प्रती

बारसं, मुंज, लग्न, आजीचं सहस्रचंद्रदर्शन असं घरातलं सगळं फोटोधन हल्ली हातभर केबलच्या एका हार्ड डिस्कमध्ये मावतं आणि ती डिस्क कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी जाते. जास्त काळजी घेणारी माणसं दुसरी, तिसरी डिस्क आणतात, सगळं पुन्हा कॉपी करतात आणि त्याही त्याच कपाटात ठेवतात. माझा आक्षेप या शेवटच्या कृतीला आहे.

पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम फोटोग्राफर मंडळींना पाठ असतो : प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. यातला ‘तीन’ आपण आवडीने पाळतो, कारण तो दुकानात जाऊन पाळता येतो. ‘एक’ मात्र राहून जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा अल्बम वरच्या कप्प्यात होता की खालच्या, एवढाच काय तो फरक. चोर आला तर तोही नाही.

१९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वाचवलं ते गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकाने. बाळ तान्हं असल्याने त्या घरून काम करत होत्या. त्यांच्याकडची प्रत कुणी बॅकअप म्हणून ठेवलेलीच नव्हती! पण ती दुसऱ्या घरात होती आणि रोजच्या कामासाठी उघडली जात होती. अधिकृत बॅकअपकडे नेमकं हेच नव्हतं.

अंतर फक्त किलोमीटरचं नसतं. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या दोन डिस्क एकाच वेळी म्हाताऱ्या होतात. उत्पादनात दोष असेल तर तोही दोघींत असू शकतो. कायम संगणकाला जोडलेली डिस्क ही प्रत म्हणून मोजूच नये. खंडणीखोर व्हायरस आला तर तो तिलाही कुलूप लावतो. आणि ज्याला आपण ‘सिंक’ म्हणतो तो तर फारच आज्ञाधारक. इकडे चुकून फोल्डर उडवलं की तिकडचंही उडवतो. म्हणून एक प्रत मुद्दाम शिळी असावी, महिनाभर मागे राहिलेली.

मग क्लाउड आहेच की, असं कुणी म्हणेल. दूरची प्रत म्हणून तो उत्तम. पण शेकडो जीबी रॉ फाइली घरच्या इंटरनेटवरून चढवायला दिवसच्या दिवस जातात, आणि खातं ज्याच्या नावावर तो माणूस गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. डिस्क निदान वारसांच्या हाती तरी लागते. अर्थात ती चालू असेल तर. चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड चालू डिस्क टेबलावरून पडल्यावर काय करतं, हे डेटा परत काढून देणाऱ्यांच्या बिलावरून कळतं.

दोनच डिस्क परवडत असतील तर दोनच घ्या, पण वेगवेगळ्या घरांत ठेवा. येत्या भाऊबीजेला बहिणीकडे जाताना एक डिस्क पासवर्ड लावून न्या. पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू द्या. पुढच्या वर्षी ताजी डिस्क तिथे ठेवून जुनी परत आणा, आणि घरी आल्यावर लगेच तिच्यातले दहा-पंधरा फोटो उघडून बघा, त्यातही सगळ्यात जुने आधी.