नदीच्या मध्यावरचे विधान

इंग्रजी व्याकरणातला अपूर्ण भविष्यकाळ, ज्याला चालू भविष्यकाळ असेही म्हणतात, पुढच्या एखाद्या क्षणी क्रिया सुरू झालेली पण संपलेली नसेल एवढेच सांगतो. ‘शी विल बी क्रॉसिंग द रिव्हर अ‍ॅट टेन’ या वाक्यातली स्त्री दहा वाजता पाण्यात आहे. ती पैलतीराला लागेल की नाही, याबद्दल वाक्य मौन पाळते. निकालाविषयी असा हात राखणारा हा काळ आरंभाविषयी मात्र फारच ठाम असतो, कारण दहाला मध्यावर असायचे तर त्याआधी पाय पाण्यात पडलेला असलाच पाहिजे. जे अजून सुरूच झाले नाही त्याच्या मध्यावर वक्ता कोणत्या अधिकाराने उभा राहतो, हा प्रश्न इथे अटळ होतो.

त्याचे मूळ अ‍ॅरिस्टॉटलच्या विधानविषयक ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात सापडते. उद्या समुद्रावर लढाई होईल हे विधान आजच खरे असेल तर ती टाळणे कोणाच्याच हाती उरत नाही, आणि मग आज मसलत करण्यालाही अर्थ राहत नाही. त्याच्या उत्तराविषयी भाष्यकारांत आजही वाद आहेत. रूढ अर्थ असा की लढाई होईल किंवा होणार नाही हे अटळ, पण यांपैकी अमुकच होईल हे आज ठरलेले नाही. विमानातल्या ‘वी विल बी लँडिंग शॉर्टली’ या घोषणेत मसलतीची ही जागाच पुसलेली दिसते: निर्णय जणू मागेच होऊन गेला आणि आता कोणी काही ठरवायचे उरले नाही. ‘विल यू बी कमिंग?’ हा प्रश्न ‘विल यू कम?’पेक्षा सौम्य वाटतो तोही याचमुळे. तो समोरच्याच्या इच्छेला हात न घालता, आधीच ठरलेल्या बेताची चौकशी करतो.

न्यायदर्शनाची वाट इथे अधिक उपयोगी वाटते. वात्स्यायनाने न्यायभाष्यात ‘पूर्ववत्’ अनुमान, म्हणजे कारणावरून कार्याचे अनुमान, समजावताना वर चढत आलेल्या ढगांवरून पाऊस पडेल असे ओळखण्याचे उदाहरण दिले आहे. तिथे भविष्य दिसत नाही, ढग दिसतात. ‘विल बी’चा आधारही वेळापत्रक, सवय, निघाल्याची बातमी असाच असतो, आणि म्हणूनच इंग्रजीत ‘ही विल बी स्लीपिंग नाऊ’ हे वाक्य भविष्याबद्दल नव्हे, या घटकेबद्दल बोलते.

मराठीने ही गोष्ट लपवलेलीच नाही. ‘गाडी आता घाट उतरत असेल’ असे घरात कोणी घड्याळाकडे पाहत म्हणते, तेव्हा ‘असेल’ हे रूप भविष्यकाळाचे असूनही अंदाजाचे आहे हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. दरड कोसळून गाडी घाटमाथ्यावरच अडकली असल्याचे नंतर कळले, तर अंदाज चुकला एवढेच म्हटले जाते. बोलणारा खोटे बोलला, असे कोणी म्हणत नाही.