आवाज भाड्याने देणे आहे

भाऊबीजेला माझी धाकटी बहीण येते ती एकटी कधीच येत नाही. तिच्याबरोबर चकल्यांचा डबा, सासरच्या तक्रारी आणि कॉलेजात शिकणारी तिची मुलगी, अशी तिन्ही येतात. गेल्या दिवाळीत ओवाळणे झाले, तबकात ओवाळणी पडली आणि भाची एकदम म्हणाली, "मामा, मला तुझा धंदा शिकव."

मी चमकलो. विम्याच्या कचेरीतली कारकुनी कुणाला शिकावीशी वाटेल, हे मला खरे वाटेना.

"तो नव्हे," ती हसून म्हणाली, "बोलण्याचा!"

मग उलगडा झाला. 1984 पासून जवळजवळ चाळीस वर्षे, कचेरी सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी, मी दुसऱ्यांची वाक्ये बोलून चार पैसे मिळवले. कधी साबणाची जाहिरात, कधी खताची, कधी पाणलोट क्षेत्रावरचा माहितीपट, तर कधी परभाषेतून मराठीत आणलेल्या मालिकेतला खोकणारा म्हातारा. माझा चेहरा कुणी ओळखत नाही. पण रेशनच्या रांगेत मी तोंड उघडले, की पुढचा माणूस हटकून मागे वळून पाही.

तेव्हा फराळ करता करता मी भाचीला पहिला धडा दिला. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाच. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांतला 'ज' एक नव्हे. 'चार' आंबे आणि गुरे 'चार', यांतला 'च' एक नव्हे. लिहिताना हा भेद दिसत नाही, कानाला मात्र तो लगेच कळतो. 'प', 'फ', 'भ' ही अक्षरे मायक्रोफोनवर फुंकर मारतात, म्हणून तोंड वीतभर दूर आणि किंचित तिरके धर. श्वास छातीत नको, पोटात घे. तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्दच नीट बसतात. लिहिणाऱ्याने नव्वद कोंबले असतील, तर त्याला नम्रपणे सांग. घरी ध्वनिमुद्रण करायचे तर कपड्यांच्या कपाटाचे दार उघडून त्याच्यासमोर बस आणि पाठीमागे गोधडी टांग. भिंतींचा घुमारा निम्मा कमी होईल. आपल्या आवाजाचा मिनिट-सव्वा मिनिटाचा नमुना तयार कर आणि त्यात रडणे, हसणे, ओरडणे असे सगळे नवरस ओतू नकोस. आणि पहिली दोन वर्षे नोकरीचा किंवा शिक्षणाचा आधार सोडू नकोस.

हे सारे सांगून झाले. पण खरा धडा मला माझ्या पहिल्याच दिवशी मिळाला होता. मी काचेच्या खोलीत उभा राहून, सभेत बोलावे तसा खर्जातला आवाज लावला. पलीकडच्या ध्वनिमुद्रकाने यंत्र बंद केले आणि तो म्हणाला, "साहेब, सभा संपली. आता स्वयंपाकघरात या." मी बुचकळ्यात पडलो. तो म्हणाला, "ऐकणारी बाई एकटी आहे. पोळ्या लाटते आहे. तिच्याशी बोला." मी तसे बोललो. ते पसंत पडले, आणि त्या एका वाक्यावर माझी सारी उमेदवारी निभावली.

ही युक्ती काही माझ्या ध्वनिमुद्रकाने शोधून काढलेली नव्हे. मुंबईत नभोवाणी 23 जुलै 1927 रोजी सुरू झाली. 'विविध भारती' 1957 साली आली, आणि तिच्यावर जाहिराती 1 नोव्हेंबर 1967 पासून, प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर येथून, लागू लागल्या. त्याच्याही पंधरा वर्षे आधी, 1952 पासून, रेडिओ सिलोनवर अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' सादर करीत. कार्यक्रम एका दंतमंजनाच्या कंपनीचा. पण सायानी श्रोत्यांना भावा-बहिणींसारखी हाक मारीत, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती हाक आपल्यालाच वाटे. 2024 साली ते गेले, तेव्हा त्यांना कधीही न भेटलेल्या माणसांनी घरचे कुणी गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. आवाजाची शक्ती ही अशी आहे. तो दार न ठोठावता घरात येतो.

आणि इथेच माझ्या मनातला जुना प्रश्न डोके वर काढतो. दुसऱ्याचे वाक्य मी माझ्या आवाजात बोललो आणि ते खोटे निघाले, तर खोटे कोण बोलले?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. 1990 नंतरच्या दशकात सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवण्याच्या योजनांचे पेव फुटले होते. आज थोडे द्या, झाडे वाढतील, वीस वर्षांनी लाखो घ्या, असा एकंदर मामला. अशाच एका योजनेची जाहिरात माझ्याकडे आली. मी ती वाचली, चांगली वाचली. चारशे रुपये मिळाले. पुढे कराडला आत्याकडे गेलो, तर तिने कपाटातून एक रंगीत प्रमाणपत्र काढून मला कौतुकाने दाखवले. त्यावर हिरवेगार झाड छापले होते. फूपांच्या औषधपाण्यासाठी ठेवलेले आणि त्यांच्या पश्चात उरलेले दहा हजार रुपये तिने त्या झाडात घातले होते.

"आत्या, कुणाला विचारलेस तरी का?" मी म्हणालो.

"अरे, तूच तर सांगत होतास रेडिओवर! तू सांगतोस म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचे?"

दोन वर्षांत ती कंपनी दिसेनाशी झाली. मी आत्याला पैसे थोडे थोडे करून परत केले. तिने ते नको नको म्हणत घेतले. ती मला कधीही बोलली नाही. पण त्यानंतर मी कराडला गेलो आणि रेडिओवर काही लागले, की ती माझ्याकडे पाहून विचारी, "हे तरी खरे ना रे?" त्या 'तरी'चे देणे मला अखेरपर्यंत फेडता आले नाही.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी माझी बाजू हिरिरीने मांडली. पत्रातल्या मजकुराबद्दल पोस्टमनला कुणी जाब विचारतो का? दुर्योधनाचे काम करणाऱ्या नटाला कुणी द्रौपदीचा अपराधी धरतो का? गावात दवंडी पिटणारा 'ऐका हो ऐका' म्हणून सारा सांगत असे. सारा जास्त झाला म्हणून कुणी त्याच्यावर फिर्याद केली का?

हे दाखले मी अनेक वर्षे स्वतःलाही देत होतो. पण ते पुरत नाहीत. पोस्टमन पत्र बंद पाकिटात आणतो. तो ते वाचून दाखवीत नाही, आणि वाचताना गळा दाटून आणीत नाही. नटापुढे पडदा असतो, तिकीट असते; दुर्योधन मेला की तो दाढी काढून चहा प्यायला जातो, हे प्रेक्षक जाणून असतो. दवंडीवाल्याच्या हातात डफ असतो, आणि हुकूम चावडीचा आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. या तिघांच्याही बाबतीत बोलणारा वेगळा आणि बोलवणारा वेगळा, हे ऐकणाऱ्याला दिसते. माझे सारे कसब मात्र ते दिसू नये यासाठीच होते. पोळ्या लाटणाऱ्या बाईला आपले माणूस बोलते आहे असे वाटावे, याचेच मला पैसे मिळत. मग तिला तसे वाटले, तर 'मी नुसता वाचणारा' असे म्हणण्याचा अधिकार मला कुठून उरणार?

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. वाक्ये दुसऱ्याची असोत, ती आवडोत वा न आवडोत; पण आत्याच्या घरात बसून तिला जे सांगताना जीभ अडखळेल, ते वाचायचे नाही. साबणाने कपडे 'जास्त शुभ्र' होतात म्हणायला माझी हरकत नव्हती. एवढी अतिशयोक्ती आत्याही करीत असे. पण दामदुप्पट, मधुमेहावरचा रामबाण उपाय, हमखास नोकरी यांना मी नाही म्हणालो. त्यात फार मोठा त्याग होता असे नाही. पोटाला कचेरी होती. ज्यांचे घरच या कामावर चालते, त्यांना मी हा नियम ऐटीने सांगणार नाही.

हे मी भाचीला सांगितले, तेव्हा ती गप्प झाली. मग तिने आपल्या मोबाइलवर एक करारपत्र काढून माझ्यापुढे धरले. एका कंपनीने तिला पहिलेच काम देऊ केले होते. तिने काही तास नुसती सुटी सुटी वाक्ये वाचायची. ती ऐकून संगणक तिचा आवाज शिकणार, आणि पुढे कुणीही काहीही लिहिले, की ते तिच्या आवाजात बोलणार. पैसे एकरकमी, तिच्या एका वर्षाच्या फीइतके. हक्क कायमचे.

कायदा या बाबतीत जागा होऊ लागला आहे. 2024 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीवाचून यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. 2025 साली आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असे संरक्षण दिले. पण ते चोरीविरुद्धचे संरक्षण. आपणच सही करून दिल्यावर चोरी कुठली?

"मामा, आवाज तर माझ्याजवळ राहणारच ना? तो काही कमी होणार नाही," ती म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. आवाज कमी होणार नव्हता. मग काय जाणार होते? मी बराच वेळ विचार केला, आणि मला आत्याचे ते हिरवे झाड आठवले. माझ्या हातात आलेला तो कागद मी परत करू शकलो असतो. केला नाही, हा माझा दोष. पण तो दोष माझा म्हणता येतो, कारण नकार माझ्या हातात होता. यंत्रातला आवाज कधी अडखळणार नाही. सागवानाची योजना असो, एखाद्या जातीविरुद्धचे विष असो, म्हाताऱ्या माणसाला रात्री फोन करून पैसे मागणे असो, तो तितक्याच गोडीने बोलेल. आणि ऐकणाऱ्याच्या लेखी ती माझी भाचीच बोललेली असेल.

घर भाड्याने दिले, तर भाडेकरू कसा वागतो यावर मालकाची नजर असते, आणि वेळ आली तर त्याला नोटीसही देता येते. हा करार भाड्याचा नव्हता. घराबरोबर दाराची कडीही देऊन टाकण्याचा होता.

मी तिला सही करू नकोस असे सांगितले नाही. फी तिच्या आईला भरायची आहे, आणि उपदेश करायला माझे काही जात नाही. एवढेच म्हणालो, "प्रत्येक मजकूर आधी दाखवावा, आणि नाही म्हणण्याचा हक्क तुझ्याकडे असावा, असे एक कलम त्यांना घालायला सांगून बघ."

तिने तसे लिहिले. कंपनीचे उत्तर आलेले नाही, आणि आता ते येईल असे मला वाटत नाही. त्या वर्षाची फी बहिणीने कशी भरली, ते तिने मला सांगितले नाही. मी अर्धी देऊ केली, ती तिने घेतली नाही. माझ्या सल्ल्याचे मोल इतरांनी चुकते केले, ही टोचणी मला आहे.

भाचीचे काम मात्र सुरू झाले आहे. कपाटापुढे गोधडी टांगून ती वाचते. परवा तिने मला एका लहानशा दुकानाच्या पणत्यांची जाहिरात ऐकवली. पणत्या हाताने घडवलेल्या आहेत, असे तीत वाक्य होते.

"छान वाचलेस," मी म्हणालो.

"वाचायच्या आधी दुकानात जाऊन विचारून आले," ती म्हणाली.